कूस बदलली, नोंद पूर्ण

सकाळचे सव्वासहा वाजले होते. ओट्याशी घरातली तिन्ही माणसं उभी होती आणि तिघांपैकी दोघांच्या हातात फोन होता. मास्तर शाळेत आज शिकवायच्या तासांची नोंद 'शिकवले' म्हणून आताच भरून ठेवत होते, कारण आठ वाजता फोनवरची ती नोंदीची खिडकी बंद होते. त्यांची बायको, म्हणजे या घरची सून, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' या प्रश्नाचं उत्तर देत होती. हा प्रश्न तिला तिचं हॉस्पिटल रोज ड्यूटीआधी विचारतं. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे येतात, त्यातला एक दाबायचा. सुनेने हसरा दाबला. रडका दाबला की पुढे नऊ प्रश्न येतात, हे ती एकदा चुकून शिकली होती.

"किती उरलं?" मास्तरांनी विचारलं.

"एक. तुमचं?"

"दोन. पटावर एकोणचाळीस मुलं आहेत आणि अजून एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. पण शिकवून झालं बरं का सगळ्यांना!"

"मग शाळेत कशाला जातोस? झोप की," चहा गाळता गाळता मास्तरांची आई म्हणाली. तिघंही हसली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू, हे तेव्हा कुणाला कळणार?

मास्तरांच्या आईने त्याच हॉस्पिटलमध्ये एकतीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. तिथे अजूनही सगळे तिला मोठ्या मावशी म्हणत. आताची ही सून नर्सिंग शिकायला आली, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, मोठ्या मावशींनी शिकवलं होतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तोंडाने बोलत राहायचं. "बोललं की माणूस अंग सैल सोडतो गं. मुक्यानं वळवलंस तर तो घाबरून ताठ होतो." मुलगी कामाला चोख आहे हे पाहून पुढे मावशींनी तिला घरातच आणली. मावशींना आयुष्यात एकाच गोष्टीची फुशारकी होती. एकतीस वर्षांत आपल्या हाताखालच्या एकाही पेशंटच्या पाठीला पडून पडून जखम झाली नाही, हे त्या ओळखपाळख नसलेल्या माणसालाही सांगत.

आता त्या हॉस्पिटलची गोष्ट सांगतो, आणि सांगताना मला राग आवरणार नाही.

सुनेच्या वॉर्डात बावीस खाटा, सकाळच्या पाळीला दोन सिस्टर आणि पाच सॉफ्टवेअर. एक ताप-नाडीचं. एक औषधांचं. एक विमा कंपनीने गळ्यात मारलेलं. एक आधीच्या अधीक्षकांनी जाता जाता घेतलेलं. पाचवं आताच्या अधीक्षकांनी घेतलं, कारण आधीच्यांचं त्यांना आवडलं नव्हतं. नवं आलं म्हणून जुनं काढलं, असं एकदाही घडलं नाही. एका पेशंटला शंभर ताप असला तर तोच आकडा चार ठिकाणी लिहायचा. पाच पासवर्ड, ते दर महिन्याला बदलायचे. ते कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीवर लिहून ठेवलेले. हे सगळं वॉर्डभर फिरवायला चाकांच्या टेबलावर एक संगणक असतो. मोठ्या मावशी त्याला 'डबा' म्हणत. डबा रुसला की सिस्टरने पेशंटला सोडून त्याची समजूत काढायची.

या डब्यात एक चौकट होती, कूस बदलल्याची. हलता न येणाऱ्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम शहाणपणाचाच आहे. पण ती चौकट बनवणाऱ्याने जन्मात कुणाची कूस बदलली नसावी. चौकट दर दोन तासांनी उघडायची, सगळ्या पेशंटसाठी एकाच वेळी, आणि दहा मिनिटांत बंद व्हायची. वॉर्डात असे पेशंट नऊ. एकाला दोघींनी मिळून नीट वळवायला चार मिनिटं लागतात. नऊ चोक छत्तीस. म्हणजे जी सिस्टर इमानाने काम करील, तिच्या सहासात चौकटी हमखास लाल होणार. आणि लाल झालेल्या प्रत्येक चौकटीसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा प्रश्नांचा खुलासा. अधीक्षकांच्या भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर कुठला वॉर्ड हिरवा आणि कुठला लाल ते त्यांना खुर्चीतून दिसायचं.

सुनेने दोन वर्षांपूर्वी याची तक्रार केली होती. तक्रारीचंही सॉफ्टवेअर आहे. तिथे तिच्या तक्रारीपुढे दुसऱ्याच दिवशी 'निराकरण झाले' असं आलं. बदललं काहीच नाही.

मग तिने स्वतःच युक्ती काढली. चौकट उघडली की आधी नऊच्या नऊ खुणा हिरव्या करून टाकायच्या, आणि मग निवांत, हातचं न राखता, एकेकाची कूस बदलायची. खुलाशांचा वेळ वाचतो, तो पेशंटला मिळतो. तिचा हेतू शुद्ध होता. ही युक्ती तिने शेजारच्या वॉर्डला सांगितली, त्यांनी खालच्या मजल्याला सांगितली. 'आधी खूण, मग काम' ही त्या इमारतीतली रीतच होऊन बसली. पहिले काही महिने खुणेनंतर काम होत होतं. पाचवं सॉफ्टवेअर आलं तसं ते मागे पडत गेलं. कधी एखादी कूस राहायची, कधी तीन राहायच्या. खूण मात्र कधीच राहिली नाही.

त्या सकाळी सून ड्यूटीवर गेली, मास्तर शाळेत गेले, आणि मोठ्या मावशी धुतलेले कपडे घेऊन गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. संध्याकाळी त्यांना त्यांच्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी दहा दिवसांत काठी घेऊन चालतील. तोवर फक्त पाठ सांभाळा, साखर आहे त्यांना."

हाडांच्या वॉर्डात सकाळी जी सिस्टर असायची, तिला सगळे लगबग म्हणत. सुनेच्याच बॅचची, तिची जिवाभावाची मैत्रीण. सदा धावपळीत, केसातली पिन सदा निसटलेली. "तू काळजी करू नकोस गं," लगबग म्हणाली, "मावशी माझ्याही मावशीच आहेत." आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

सुनेचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्या वॉर्डातल्या नातेवाईक पेशंटला हात लावला, तर त्याचीही नोंद 'अनधिकृत हस्तक्षेप' म्हणून होते. ड्यूटी तीनला संपायची, पण राहिलेल्या नोंदी करता करता साडेचार व्हायचे. मग ती खाली जायची, पंधरा मिनिटं बसायची. मास्तर शाळा सुटल्यावर यायचे, पण ऑपरेशनचा पाय म्हणून त्यांना हात लावायची मनाई होती.

आणि दिवसभर? दिवसभर सून वरच्या मजल्यावर दोन नोंदींच्या मधे सासूबाईंचं पान उघडून बघायची. आठ वाजता कूस बदलली, हिरवी. दहा वाजता हिरवी. बारा वाजता हिरवी. बघून तिचा जीव भांड्यात पडायचा.

वाचकहो, इथे जरा थांबा. ज्या बाईने ती खोटी खूण शोधून काढली, जी स्वतः दर दोन तासांनी कामाआधीच नऊ चौकटी हिरव्या करत होती, तीच आपल्या माणसाच्या नावापुढचं हिरवं बघून निश्चिंत होत होती. तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण आठ तास पडद्यावर विश्वास ठेवायला लावलेलं मन नवव्या तासाला शंका कशी घेईल? दोन जिने उतरायला तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं तिच्याकडे नव्हती.

"कूस बदलतात ना, आई?" ती रोज विचारायची.

"येतात गं पोरी," मावशी म्हणायच्या. "तू घरी जा. दमलीस."

पाचव्या दिवशी सून खाली आली आणि खाटेपासून चार पावलांवरच थबकली. तो वास नर्सला सांगावा लागत नाही. तिने पडदा ओढला, चादर बाजूला केली, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला. बोलायचं मात्र तिला सुचलं नाही. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, मध्ये काळी पडलेली, कडेने ओली. अंग तापाने फणफणलेलं.

"आई! बोलला का नाहीत हो? पाच दिवस! एका शब्दाने तरी बोलायचं!"

मावशींचे ओठ कोरडे पडले होते. "सांगणार होते. पण ती सारखी त्या डब्यापाशी. एकदा हाक मारली, तर 'आलेच मावशी' म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो डबा काहीतरी लाल लाल दाखवत होता. मी म्हटलं, जाऊ दे, तिचं तरी हिरवं होऊ दे."

लगबग धावत आली. जखम पाहिली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. "मी येणार होते गं. शप्पथ सांगते, खूण केली की येणारच होते. प्रत्येक वेळी येणारच होते..."

सून तिला बोल कसा लावणार? युक्ती कुणाची होती?

मावशींना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. जखमेतलं विष रक्तात उतरलं होतं. मास्तर काचेबाहेर बसून राहिले. शाळेने त्यांना तीनदा फोन केला, रजेची नोंद योग्य रकान्यात भरली नव्हती म्हणून. नवव्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोठ्या मावशी गेल्या. हाड जुळून आलं होतं. डॉक्टरांनी तेवढं आवर्जून सांगितलं.

आठवड्याने चौकशी बसली. तळमजल्यावर अधीक्षकसाहेबांच्या खोलीत गुबगुबीत खुर्च्या होत्या आणि भिंतीवर तो पडदा. साहेब, मेट्रन आणि सॉफ्टवेअर कंपनीचा एक तरतरीत सल्लागार एका बाजूला. सून, मास्तर आणि खाली मान घालून बसलेली लगबग दुसऱ्या बाजूला.

साहेबांचा आवाज मऊ होता. "झालं ते फार वाईट झालं. त्या आपल्याच होत्या. पण मी रेकॉर्ड स्वतः पाहिलं. काळजीत कुठेही कसूर नाही. नऊ दिवस, दिवसाला बारा वेळा, एकशे आठपैकी एकशे आठ वेळा कूस बदललेली आहे. वय होतं, साखर होती. कुणाला दोष देता येत नाही."

पडद्यावर मावशींचं पान होतं. वरपासून खालपर्यंत हिरवंगार. सून उठून पडद्याजवळ गेली आणि बोट ठेवून वाचू लागली.

"साहेब, पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांना हाडांच्या वॉर्डातून वर हलवलं. पेशंट हलवल्याची नोंद तीन ठिकाणी करावी लागते, ती झाली नाही. म्हणून चार दिवस त्यांचं नाव खालीच राहिलं. खाट रिकामी होती. बाहेर बोळात एक माणूस स्ट्रेचरवर पडून होता, कारण डब्यात ती खाट भरलेली दिसत होती. आणि खुणा करताना नावं कुणी वाचत नाही, म्हणून त्या रिकाम्या खाटेवर दर दोन तासांनी माझ्या सासूबाईंची कूस बदलली जात होती."

तिचं बोट खाली सरकलं.

"हे बघा. त्या दोन दहाला गेल्या. चार वाजता कूस बदलली. सहा वाजता बदलली. आठ वाजता बदलली. साहेब, मेलेल्या माणसाची तुम्ही चोख काळजी घेतलीत. जिवंत होत्या तेव्हा एकदा घ्यायची होती!"

मास्तरांनी चेहरा हातांत लपवला. मऊ आवाजाचे साहेब एकदम ताठ झाले. "म्हणजे या सिस्टरने आणि पुढच्या पाळ्यांनीही खोट्या नोंदी केल्या! हा गंभीर गुन्हा आहे. मेट्रन, कारवाईची फाईल तयार करा."

लगबगच्या तोंडातून हुंदका फुटला.

"करा ना कारवाई," सून म्हणाली. "पण सुरुवात माझ्यापासून करा. आधी खूण, मग काम, ही युक्ती माझी आहे. हिला मी शिकवली, या इमारतीला मी शिकवली. माझ्या सासूला मी मारलंय. आणि मला ती युक्ती काढायला कुणी लावली, तेही त्या फाईलीत येऊ दे."

सल्लागार घसा साफ करून म्हणाला, "भावना समजू शकतो, मॅडम. याला उपाय आहे. आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये कूस बदलताना प्रत्येक वेळी पाठीचा फोटो घ्यायचा. खोटं बोलताच येणार नाही. फोटोला फक्त दीड मिनिट."

"नऊ पेशंट, एका पाळीत चार वेळा," मास्तर अचानक बोलले. ते गणिताचे मास्तर होते. "चौपन्न मिनिटं."

"म्हणजे आणखी चौपन्न मिनिटं, एकही पाठ न वळवता," सून म्हणाली. तिने पिशवीतून हातमोज्यांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्यावर पेन्सिलीने आकडे होते. "तीन दिवस घड्याळ लावून लिहिलंय. आठ तासांची ड्यूटी म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं. त्यातली दोनशे चौदा डब्यापुढे जातात. तेच नाव, तोच ताप, तीच नाडी. बावीस माणसांना आम्ही उरल्यासुरल्या वेळात बघतो. तुमच्या पडद्यावर याला कार्यक्षमता अठ्ठ्याण्णव टक्के म्हणतात."

"सिस्टर, बसून बोला."

"नाही बसत. साहेब, तुम्ही या खुर्चीत बसल्यापासून किती वेळा हललात ठाऊक आहे? मी मोजलं. अकरा वेळा. एवढ्या मऊ खुर्चीत अर्ध्या तासात अकरा वेळा तुमची पाठ अवघडली. माझ्या सासूबाई पाच दिवस एका जागी होत्या."

साहेब बाराव्यांदा हलणार होते, ते तसेच थांबले. मेट्रन टेबलाकडे बघत होती. तीही तरुणपणी मोठ्या मावशींच्याच हाताखाली काम शिकली होती.

"आजपासून मी आधी काम करीन," सून म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता. "केल्यावर लिहीन, एकदाच, एकाच ठिकाणी. जे केलं नाही ते लिहिणार नाही. बाकी चार ठिकाणी तुम्हाला नक्कल हवी असेल, तर नक्कल करायला माणूस नेमा. नर्स नक्कल करणार नाही."

"याने निलंबन होऊ शकतं, कळतंय ना?"

"होऊ दे. फक्त ऑर्डरवर कारण स्पष्ट लिहा. पेशंटची कूस बदलली म्हणून निलंबित."

ती ऑर्डर लिहायला त्या दिवशी कुणाचा हात धजावला नाही. उद्या धजावेलही. खुर्च्यांना धीर यायला वेळ लागत नाही, आणि सहावं सॉफ्टवेअर विकत घेणं पाच काढून टाकण्यापेक्षा कुठल्याही साहेबाला सोपं वाटतं. म्हणून मी ही गोष्ट इथे, तुमच्यापुढे आणली आहे. तुमच्यापैकी कुणी शाळेत असेल, कुणी कचेरीत, कुणी बँकेच्या खिडकीमागे. तुम्हीही आज सकाळी न केलेल्या कामापुढे खूण केली असेल. ज्याचं ते काम होतं, तो माणूस कुठेतरी मुकाट्याने पडून आहे. एकदा जाऊन त्याची चादर उचलून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी दोघंच होती. सुनेने फोन उघडला. पाच चेहरे आले. तिने पहिल्यांदाच रडका दाबला, नऊ प्रश्नांना उत्तर न देता फोन पिशवीत टाकला आणि ड्यूटीवर गेली.

आठ वाजता चौकट उघडली. सून डब्याला पाठ करून एक नंबरच्या खाटेशी उभी राहिली. समोर तिच्या वॉर्डातली दुसरी सिस्टर क्षणभर घुटमळली, मग तीही आली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. "काय आजोबा, झोप झाली का? हं, माझ्याकडे वळा. सैल सोडा. काही घाई नाही." चार मिनिटं. मग दुसरी खाट. आठ वाजून दहा मिनिटांनी डब्यावर एकेक चौकट लाल होऊ लागली. त्याच वेळी तळमजल्यावर, हाडांच्या वॉर्डातही लाल होऊ लागली होती. लगबगने केसातली पिन घट्ट लावून हात धुतले होते.

पाचव्या खाटेवरच्या बाईच्या पाठीवर सुनेने हात फिरवला. कातडी लालसर होती, पण अजून शाबूत होती. आणखी दोन दिवस गेले असते तर राहिली नसती.

वॉर्डातला फोन वाजला. साहेबांच्या खोलीतून होता. "अहो, तुमचा वॉर्ड इथे लालभडक दिसतोय! चाललंय काय तिथे?"

"काम चाललंय," सून म्हणाली. "खात्री करायची असेल तर दोन जिने चढून या. तीन मिनिटं लागतात." आणि फोन ठेवून ती सहाव्या खाटेकडे वळली.